पाणी फिरवल्याने उष्णता नाहीशी होत नाही

‘वॉटर कूलिंग बसवलंय ना? मग बिनधास्त ओव्हरक्लॉक कर!’ मुंबईत लॅमिंग्टन रोडवर असेंबल्ड पीसी घ्यायला जा, नाहीतर हॉस्टेलवर गेमिंगच्या गप्पा ऐका, हा सल्ला ठरलेलाच. तो ऐकून मुलं रॅम आणि एसएसडीच्या पैशांत काटछाट करतात, तीन पंख्यांचा रेडिएटर घेतात आणि बायॉसमध्ये जाऊन व्होल्टेज चढवतात. तापमान नव्वदीपार गेलं की सल्ला देणारा सांगतो, ‘अजून मोठा रेडिएटर घे.’ पैसा असा चुकीच्या जागी जाताना पाहून संताप येतो, म्हणून हा गैरसमज नीट उलगडून सांगायला हवा.

गैरसमज : पाण्याने प्रोसेसर गार पडतो, मग हवा तेवढा वेग वाढवता येतो.

वस्तुस्थिती : विदर्भातल्या उन्हाळ्यात डेझर्ट कूलर खोलीत गार हवा सोडतो, कारण त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि ती हवेतली उष्णता शोषून घेते. म्हणूनच त्यात सारखं पाणी भरावं लागतं. प्रोसेसरच्या वॉटर कूलिंगमध्ये असं काही घडत नाही. तिथला द्रव बंद नळ्यांमधून फिरतो. प्रोसेसरवरच्या तांब्याच्या प्लेटमधून तो उष्णता उचलतो आणि रेडिएटरमध्ये नेऊन सोडतो. पंखे ती उष्णता खोलीतल्या हवेत ढकलतात. उष्णतेची जागा बदलते, उष्णता कमी होत नाही. प्रोसेसर 250 वॉट वीज खात असेल, तर कूलर कोणताही असो, 250 वॉट उष्णता खोलीतच येणार.

यातून पुढची गोष्ट आपोआप येते. रेडिएटरला मिळणाऱ्या हवेपेक्षा आतला द्रव थंड होऊ शकत नाही. नागपूर-चंद्रपुरात मे महिन्यात खोलीचं तापमान 40 अंश असेल, तर द्रव चाळिशीच्या वरच राहणार आणि प्रोसेसर त्याहून कितीतरी वर. 25 अंशांच्या एसी खोलीत 75 अंश दाखवणारा तोच पीसी त्या खोलीत साधारण 90 दाखवेल.

‘पण सुरुवातीला तर एकदम गार असतो!’ हेही नेहमी ऐकू येतं. असतो, कारण पाणी तापायला वेळ लागतो. नळ्या आणि रेडिएटर मिळून 300 मिलिलिटर पाणी धरा. 250 वॉटने ते दर सेकंदाला जेमतेम 0.2 अंशाने तापतं. रेडिएटरने काहीच केलं नाही, तरी 10 अंश चढायला पाऊण मिनिटाहून जास्त वेळ लागेल. त्यामुळे दुकानातली दोन मिनिटांची चाचणी फसवी ठरते. सिनेबेंच आर23 ची ठरावीक चाचणी 10 मिनिटांची आहे, ती उगाच नाही. पाण्याचं तापमान स्थिरावल्यावर जो आकडा दिसतो, तोच खरा.

चांगल्या एअर कूलरच्या तांब्याच्या हीटपाइपमध्येही बहुधा थोडं पाणीच असतं. ते प्रोसेसरजवळ वाफ होतं, वरच्या पात्यांपाशी पुन्हा द्रव होतं आणि केशाकर्षणाने खाली परततं. ती नळीही सीलबंद, तिचीही मर्यादा खोलीची हवाच. मोठ्या रेडिएटरला हवेशी भिडायला जास्त पृष्ठभाग मिळतो, हा त्याचा फायदा. तो खरा आहे, पण तेवढाच आहे.

खोलीच्या हवेपेक्षा खाली जायचं असेल, तर शीतकरण यंत्र लागतं. जून 2018 मध्ये तैपेईच्या कॉम्प्युटेक्स प्रदर्शनात इंटेलने 28 कोअरचा प्रोसेसर 5 गिगाहर्ट्झवर चालवून दाखवला. नंतर उघड झालं, की टेबलाखाली पाणी गार करणारा कॉम्प्रेसरवाला चिलर होता. प्रोसेसर ओव्हरक्लॉक केला होता हे सांगायचं राहून गेलं, असं कंपनीनेही मान्य केलं. त्यानंतर बाजारात आलेल्या 28 कोअरच्या झिऑन डब्ल्यू-3175एक्सची बेस फ्रिक्वेन्सी होती 3.1 गिगाहर्ट्झ. इंटेललासुद्धा हा वेग दाखवायला चिलर लागला, तिथे घरच्या रेडिएटरकडून चमत्काराची अपेक्षा कशी करायची?

मूळ कुठे आहे?

उष्णता ठरते ती प्रोसेसर किती वीज खातो यावर. चिपमधल्या स्विचिंगची वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि फ्रिक्वेन्सीच्या प्रमाणात वाढते. समजा 1.20 व्होल्टवर 4.5 गिगाहर्ट्झ चालणारा प्रोसेसर 5 गिगाहर्ट्झवर स्थिर राहायला 1.35 व्होल्ट मागतो. वेग वाढला 11 टक्के. वीज मात्र 1.27 गुणिले 1.11, म्हणजे सुमारे 40 टक्क्यांनी वाढली. गळती करंट, म्हणजे बंद ट्रान्झिस्टरमधूनही झिरपणारा प्रवाह, यात धरलेलाच नाही, आणि तापमानाबरोबर तोही चढतो.

1998 मधल्या सेलेरॉन 300ए प्रोसेसरची आठवण जुनी मंडळी अजून काढतात. बसचा वेग 66 वरून 100 मेगाहर्ट्झ केला की तो 300 वरून 450 वर जायचा, अनेकदा सोबत आलेल्या साध्या कूलरवरच. तेव्हा चिपमध्ये एवढी मोकळी जागा शिल्लक असायची. आज कंपनीच ती वापरून टाकते. 2022 च्या कोअर आय9-13900के ची बेस पॉवर 125 वॉट, तर टर्बोची मर्यादा 253 वॉट आहे. आपण हात लावण्याआधीच तो आपल्या सीमेजवळ पळत असतो.

दुसरा अडथळा चिपच्या आत आहे. एएमडीच्या रायझन 7000 मालिकेत कोअर असलेली एकेक चिप सुमारे 70 चौरस मिलिमीटरची आहे. तिच्यातून 100 वॉट बाहेर पडायचे तर दर चौरस सेंटिमीटरला 140 वॉटहून जास्त उष्णता जाते. ती आधी सिलिकॉन, मग वरचं धातूचं झाकण, मग पेस्ट ओलांडते आणि त्यानंतर कुठे कूलरपर्यंत पोहोचते. 2012 च्या आयव्ही ब्रिजमध्ये इंटेलने चिप आणि झाकण यांच्यात सोल्डरऐवजी पेस्ट वापरली आणि ओव्हरक्लॉक करताना ते प्रोसेसर लवकर तापू लागले. लोक अक्षरशः झाकण उचकटून आतली पेस्ट बदलत. 2018 मध्ये आय9-9900के ला पुन्हा सोल्डर आलं. वाट इथेच अरुंद असेल, तर बाहेरचा रेडिएटर दुप्पट करूनही हाती थोडेच अंश लागतात.

आणि ‘थंड आहे ना, मग काही होत नाही’ हे तर अगदीच चूक. जादा व्होल्टेजने ट्रान्झिस्टर झिजतात. 2023 मध्ये काही रायझन 7000एक्स3डी प्रोसेसर सॉकेटमध्येच जळाले. त्यानंतर एएमडीने एसओसी (कोअरबाहेरच्या भागाच्या) व्होल्टेजवर 1.3 व्होल्टची मर्यादा घातली. 2024 मध्ये तेराव्या-चौदाव्या पिढीचे इंटेल प्रोसेसर अस्थिर होऊ लागले. वाढीव व्होल्टेज आणि तापमानामुळे आतलं सर्किट लवकर जुनं होतं, असं इंटेलनेच जाहीर केलं. ऑगस्टच्या मायक्रोकोडने 1.55 व्होल्टच्या वरची मागणी रोखली. व्होल्टेजचं हे नुकसान फक्त थर्मामीटर पाहून कळत नाही.

उरलेले गैरसमज, थोडक्यात

*90 अंश झाले, आता प्रोसेसर जळणार.* ही भीती 2001 च्या काळातली. तेव्हा टॉम्स हार्डवेअरने हीटसिंक काढल्यावर अ‍ॅथलॉन प्रोसेसर जळतो, हे व्हिडिओवर दाखवलं होतं. आजचे प्रोसेसर मर्यादेशी येताच स्वतः वेग कमी करतात. रायझन 7000 साठी एएमडीने 95 अंश हे भाराखालचं नेहमीचं तापमान सांगितलं आहे.

*पेस्ट जितकी जास्त, तितकं थंड.* पेस्ट फक्त बारीक फटींतली हवा घालवण्यासाठी असते. तांबं उष्णता तिच्यापेक्षा अनेक पटींनी चांगली वाहून नेतं, म्हणून थर पातळच हवा.

*लिक्विड मेटल सगळ्यात भारी.* त्यातलं गॅलियम अ‍ॅल्युमिनियम पोखरतं, आणि ते विजेचं सुवाहक असल्याने एक थेंब मदरबोर्डवर सांडला तर शॉर्ट होऊ शकतो.

*पीसी फ्रिजमध्ये ठेवला तर?* फ्रिज साठवलेलं अन्न थंड ठेवायला बनवलेला असतो, सतत 250 वॉट उपसायला नाही. शिवाय दार उघडलं की दमट हवेतलं पाणी बोर्डवर जमणार. कोकणात-मुंबईत पावसाळ्यात तर हमखास.

*विक्रमवीर 8 गिगाहर्ट्झ गाठतात, मग आपण का नाही?* 2011 मध्ये एएमडीच्या एफएक्स-8150 प्रोसेसरने 8.429 गिगाहर्ट्झ गाठले ते द्रवरूप हेलियमवर, तेही विक्रमापुरते. त्या वेगावर रोजचं काम होत नाही.

मग करायचं काय?

क्रम उलटा करा. आधी व्होल्टेज, शेवटी कूलर. आहे त्याच वेगावर व्होल्टेज थोडं थोडं उतरवून पाहा. एएमडीवर कर्व्ह ऑप्टिमायझर आहे, इंटेलवर बोर्ड देत असेल तर व्होल्टेज ऑफसेट. 1.30 वरून 1.20 वर प्रोसेसर स्थिर राहिला, तर वेग तोच ठेवून स्विचिंगची वीज सुमारे 15 टक्क्यांनी घटते, आणि तेही फुकटात. मदरबोर्डने परस्पर उठवलेली पॉवर लिमिट कंपनीच्या आकड्यावर आणा. कॅबिनेटच्या जाळीवरची धूळ काढा आणि पुढून हवा आत, मागून-वरून बाहेर अशी वाट मोकळी करा. मग किमान अर्धा तास पूर्ण भार देऊन तापमान पाहा आणि सोबत खोलीचं तापमानही लिहून ठेवा.

एवढं करूनही प्रोसेसर मर्यादेला टेकत असेल, तर मोठा कूलर जरूर घ्या. तोवर ते पैसे रॅममध्ये घाला. आणि दुकानदाराने रेडिएटर पुढे केला, तर आधी एक प्रश्न विचारा : प्रोसेसरला व्होल्टेज किती जातंय? त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय पाकिटाला हात लावू नका.