मॅचबद्दल बोला

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत क्रिकेटवर भांडायला पूर्वी मोबाइल लागत नसे. पहिली शिफ्ट सुटताना आणि दुसरी चढताना टपरीवर जी काही मिनिटं मिळत, तेवढ्यात सचिन-द्रविड उरकायचे. २ फेब्रुवारी २०१४ ला हैदराबादेत रणजीची फायनल संपली, तेव्हा मात्र ती मिनिटं पुरली नाहीत. कर्नाटक विरुद्ध महाराष्ट्र! बेळगावात एवढं म्हटलं की आधी सुप्रीम कोर्टात २००४ पासून पडलेला सीमाप्रश्नाचा दावा आठवतो, मग स्कोअर. केदार जाधवने त्या हंगामात महाराष्ट्राकडून १२२३ रन काढले होते. फायनलमध्ये के. एल. राहुल आणि गणेश सतीश यांनी शतकं ठोकली, कर्नाटक पाचशेच्या वर गेलं आणि सात विकेटनी जिंकलं. सोमवारी टपरीवर कोणीतरी म्हणालं, "कोर्टाचं राहू दे बे, इथला निकाल लागला की." सगळे हसले. एक जण हसला नाही. त्याने चहाचे पैसे टाकले आणि तो निघून गेला.

आमचा मोबाइलवरचा क्रिकेटचा ग्रुप त्यानंतरचा. फौंड्रीतले मोल्डर, सीएनसीवरची पोरं, इन्स्पेक्शनवाले, डिस्पॅचवाले, एक-दोन ट्रान्सपोर्टवाले, आणि निपाणीचे दोघे-तिघे, ज्यांचा जीव क्रिकेटपेक्षा कोल्हापूरच्या पेठांच्या फुटबॉलमध्ये जास्त. मराठी आणि कन्नड दोन्ही भाषा इंग्रजी अक्षरांत टाइप व्हायच्या, त्यामुळे कोण कुठल्या भाषेत चिडलाय हे कळायला थोडा वेळ लागायचा. तेवढ्या वेळात अनेक भांडणं वाचली असतील. अ‍ॅडमिन मुद्दाम दोन ठेवले होते, एक अनगोळचा मराठी आणि एक बैलहोंगलकडचा कन्नड. नियम एकच: मॅचबद्दल बोला, राजकारण नको.

जुने मेसेज चाळले की दिसतं, मॅचवरून खरी तेढ फार क्वचित आली. आली ती तारखांवरून. १ नोव्हेंबरला शहराच्या एका रस्त्यावर राज्योत्सवाची मिरवणूक असते आणि दुसऱ्यावर मराठी भाषकांच्या काळ्या दिनाची फेरी. डिसेंबरात इथल्या सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरतं आणि त्याला उत्तर म्हणून मराठी महामेळाव्याची तयारी होते. १७ जानेवारीला सीमालढ्यातल्या १९५६ च्या हुतात्म्यांना अभिवादन, १ जूनला हिंडलग्याच्या स्मारकावर १९८६ च्या. रणजी आणि विजय हजारे करंडक बरोबर यातल्या थंडीच्या पट्ट्यात खेळले जातात. बरं, उन्हाळा तरी मोकळा असावा? आयपीएल ऐन रंगात असताना विधानसभेची मतदानं झाली: ५ मे २०१३, १२ मे २०१८, १० मे २०२३. बेळगावचं लोकसभेचं मतदान ७ मे २०२४ ला. क्रिकेट मंडळ आणि निवडणूक आयोग यांनी मिळून आमच्या अ‍ॅडमिनला छळायचं ठरवलं असावं, अशी शंका येते.

सगळ्यात वाईट दिवस डिसेंबर २०२१ चे. त्या आठवड्यात ग्रुपवर कोहलीची वनडे कॅप्टनशिप काढल्याचा धुरळा होता. कोहली खरा की बोर्ड खरं, यावर दोन्ही भाषांचे लोक दोन्ही बाजूंना होते आणि मजेत एकमेकांचे वाभाडे काढत होते. तेवढ्यात बेंगळुरात शिवाजी महाराजांच्या पुतळ्यावर शाई टाकल्याची बातमी आली आणि पाठोपाठ अनगोळमध्ये कन्नड वीर संगोळ्ळी रायण्णांच्या पुतळ्याची मोडतोड झाली. अनगोळ म्हणजे उद्यमबागच्या शेजारी, निम्मे कामगार तिथूनच येतात. जमावबंदी लागली. रात्री ग्रुपवर पहिल्यांदा कोहलीचं नाव नसलेले मेसेज पडू लागले. कुठले ते लिहीत नाही, लिहिणारे आजही माझ्या शेजारी डबा खातात. दोन्ही अ‍ॅडमिननी फोनवर बोलून सेटिंग बदललं: फक्त अ‍ॅडमिन लिहू शकतील. पण त्यांनीही काही लिहिलं नाही. त्या दिवसांत शॉपमध्ये मशीनच्या आवाजात ओरडून बोलायची सवय असलेली माणसं जेवताना शेंगाचटणी पुढे सरकवण्यापुरतं बोलत होती.

ग्रुप उघडला २६ डिसेंबरला, सेंच्युरियनच्या टेस्टसाठी. मयंक अगरवाल आणि राहुल, ओपनिंगला दोघेही कर्नाटकचे. मयंक साठवर गेला. दिवस संपला तेव्हा भारत ३ बाद २७२. राहुल १२२ वर नाबाद होता, दुसऱ्या टोकाला मुंबईचा रहाणे ४० वर. इतकं जुळून आलेलं मी कथेत लिहिलं असतं तर संपादकाने छाटलं असतं. ग्रुपवर त्यावर कोणी शहाणपणाचं एक वाक्य लिहिलं नाही, हे मला फार आवडलं. फक्त बैलहोंगलवाल्या अ‍ॅडमिनने स्कोअर टाकला आणि खाली लिहिलं, "रहाणे उद्या शंभर करतो बघ." दुसऱ्या दिवशी पावसामुळे एक चेंडूही पडला नाही. तिसऱ्या दिवशी रहाणे ४८ वर गेला. तेव्हा अनगोळच्याने उत्तर दिलं, "तुझ्या तोंडात साखर नाही बे." ग्रुप पूर्ववत झाला होता.

पुढच्या वर्षी तसाच डिसेंबर आला. विजय हजारेच्या सेमीफायनलला ३० नोव्हेंबर २०२२ ला सौराष्ट्राने कर्नाटकला हरवलं, आणि २ डिसेंबरला फायनलमध्ये महाराष्ट्रालाही, तेही क्वार्टरफायनलमध्ये ऋतुराज गायकवाडने एका षटकात सात षटकार मारल्यानंतर. दोघेही रडले, दोघांनी मिळून सौराष्ट्राच्या उनाडकटला शिव्या घातल्या. चार दिवसांनी सीमावादावरून हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगड पडले आणि पुण्यात कर्नाटकच्या बसना काळं फासलं. उद्यमबागचं कास्टिंग कोल्हापूर-पुण्याला जातं, त्यामुळे फुटलेली काच ही आमच्यासाठी टीव्हीवरची बातमी नव्हती. गाड्या थांबल्या की डिस्पॅच थांबतं, आणि डिस्पॅच थांबलं की कुठल्याही भाषेत ओव्हरटाइम मिळत नाही. त्या महिन्यात ग्रुप बंद करावा लागला नाही. एक ट्रान्सपोर्टवाला लिहायला लागला होता, तेव्हा कोणीतरी म्हणालं, "बिडरी (सोडा हो), मेस्सी बघा." कतारचा वर्ल्ड कप चालू होता, त्याची मदत झालीच.

माझ्या मते नियम टिकला तो अ‍ॅडमिनच्या कडकपणामुळे नाही. सकाळी ज्याच्याकडून व्हर्नियर मागून घ्यायचा आहे, त्याला रात्री किती बोलायचं याचा अंदाज प्रत्येकाला होता. तोंड न पाहिलेल्या लोकांच्या मोठ्या फॅन पेजांवर हाच नियम लिहिलेला असतो आणि तिथे तासभरही टिकत नाही. २०२४ च्या शेवटी आरसीबीने हिंदीतलं हँडल सुरू केलं तेव्हा तिथे काय रण माजलं ते पाहिलंच आपण. आमच्याकडे त्या दिवशी मराठी पोरंच कन्नडवाल्यांची बाजू घेत होती. त्यामागचं कारण सांगायची गरज बेळगावात पडत नाही.

आणखी एक आहे. कोण कुणाचा, हे या भागात धड ठरतच नाही. द्रविड घरी मराठी बोलणारा, खेळला कर्नाटककडून. रोनित मोरे आपल्या बेळगावचा, बॉलिंग टाकली कर्नाटकसाठी. चिकोडीजवळच्या एकसंब्याचे श्रीपती खंचनाळे कोल्हापूरच्या तालमीत घडले आणि १९५९ ला हिंदकेसरी झाले. त्यांच्यावर दोन्हीकडचे हक्क सांगतात आणि दोन्हीकडचे बरोबर असतात. जानेवारी २०२५ च्या विजय हजारेत तर कमालच झाली. आधी कर्नाटककडून खेळलेला करुण नायर तेव्हा विदर्भाचा कॅप्टन. त्याने १६ तारखेला सेमीफायनलमध्ये ४४ चेंडूंत नाबाद ८८ करून महाराष्ट्राला घरी पाठवलं आणि १८ ला फायनलमध्ये कर्नाटककडूनच हरला. मधली तारीख १७ जानेवारी. त्या दिवशी ग्रुपवर सकाळी एक पणती पडली, कोणी काही म्हटलं नाही, आणि संध्याकाळी पुन्हा नायरच्या अ‍ॅव्हरेजचा हिशेब सुरू झाला. पणती डिलीट झाली नाही याची मी नोंद घेतली.

जुन्या लोकांना हे नवं नाही. १ नोव्हेंबर १९७३ ला म्हैसूर राज्याचं नाव कर्नाटक झालं आणि त्याच हंगामात, त्याच नव्या नावाच्या संघाने बेंगळुरात मुंबईची सलग पंधरा वर्षांची रणजीची सद्दी मोडली. प्रसन्नाने गावसकरचा त्रिफळा काढला, वाडेकर धावचीत झाला. आमच्या स्टोअरमधले निवृत्त काका सांगतात, त्या दिवशी दुःख झालं खरं, पण विश्वनाथची बॅटिंग रेडिओवर ऐकून दुःखही नीट करता आलं नाही.

नियम चुकला, असं मला एकदाच वाटलं. ३ जून २०२५ ला आरसीबी जिंकली. मराठी-कन्नड दोन्हीकडून "ई साला कप नमदू" चा पाऊस पडला, उद्यमबागच्या कमानीपाशी फटाके वाजले. दुसऱ्या दिवशी चिन्नास्वामीबाहेर चेंगराचेंगरीत ११ जण गेले. सीएनसीवरच्या एका पोराने विचारलं, एवढी गर्दी येणार हे माहीत असताना परवानगी कुणी दिली, पोलीस किती होते? मेसेज उडवला गेला: राजकारण नको. सीमाप्रश्नावर न बोलणं हा आमच्यातला समजूतदारपणा होता. विजयाचा जल्लोष बघायला गेलेली पोरं मेल्यावर कारण न विचारणं हा समजूतदारपणा नव्हे. ती आमच्याच वयाच्या भावंडांची पोरं होती, आमचीच जर्सी घालून गेलेली. मी हे ग्रुपवर लिहिलं, तेही उडालं. मग कॅन्टीनमध्ये बोललो. अनगोळच्या अ‍ॅडमिनचं म्हणणं, "एकदा सरकारवर सुरू झालं की नोव्हेंबरपर्यंत पोचायला वेळ लागत नाही." त्याची भीती मला समजते. पटत अजूनही नाही.

२०२५ चा १ नोव्हेंबर शनिवारी आला. दुसऱ्या दिवशी नवी मुंबईत महिलांची वर्ल्ड कप फायनल असल्यामुळे शनिवारी ग्रुपवर फक्त टीमची चर्चा होती. रविवारी रात्री भारत ५२ रननी जिंकला आणि स्मृती मानधना सांगलीची की आरसीबीची, यावर जुंपली. निपाणीवाल्यांनी सांगली इथून किती जवळ ते सांगितलं, कन्नडवाल्यांनी २०२४ चा डब्ल्यूपीएलचा कप दाखवला. अ‍ॅडमिन दोघेही ऑनलाइन होते, त्यांनी काही उडवलं नाही. सोमवारी पहिल्या शिफ्टला येईपर्यंत विषय शेफालीवर गेला होता: तिला बॉलिंग द्यायची बुद्धी हरमनप्रीतला सुचली की सुदैव, हे काही ठरलं नाही.