कॅमेऱ्याला उत्तर ठाऊक नसते

पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असताना भिंगाचे नाभीय अंतर काढण्याचा प्रयोग मी केला होता. आलेखावर सहा बिंदू आले. पाच बिंदू एका सरळ रेषेत शहाण्या मुलांसारखे बसले आणि सहावा मात्र रांग सोडून बाजूला उभा राहिला. जर्नल दुसऱ्या दिवशी तपासायला द्यायचे होते. मी खोडरबर घेतला, सहाव्या बिंदूला रेषेवर आणून बसवले आणि तक्त्यातला आकडाही त्याला शोभेल असा केला. जर्नलवर 'उत्तम' असा शेरा मिळाला. तो बिंदू बाजूला का गेला होता हे मला आजतागायत कळलेले नाही. कळणार तरी कसे? पुरावाच मी खोडून टाकला होता.

विद्यार्थी मित्रांनो, हा कबुलीजबाब आज देण्याचे कारण असे की, विज्ञानात छायाचित्रणाचा प्रवेश कसा झाला ही कथा सांगताना बहुतेक लेखक 'डोळ्याला न दिसणारे कॅमेऱ्याला दिसते' एवढेच सांगून थांबतात. ते खरेच आहे. सूक्ष्म, दूरचे, अंधुक, अतिवेगवान असे कितीतरी जग छायाचित्राने उघडे केले. पण माझ्या मते कॅमेऱ्याचा याहून मोठा गुण निराळाच आहे. प्रयोगाचे उत्तर काय यायला हवे, हे त्याला ठाऊक नसते.

हा गुण ज्याला फार मोल देऊन कळला, त्या माणसाचे नाव आर्थर वर्दिंग्टन. इंग्लंडमधील रग्बी येथील शाळेत एका विद्यार्थ्याला काजळी धरलेल्या काचेवर शाईचे थेंब पडून उमटलेले चमत्कारिक डाग दिसले. त्या डागांवरून वर्दिंग्टन यांचे कुतूहल जागे झाले. थेंब पडतो आणि फुटतो, त्यात पाहायचे ते काय, असे आपण म्हणू. पण थेंब फुटतो म्हणजे नेमके काय होते? आधी पसरतो की आधी उसळतो? कडेला शिंतोडे किती उडतात? हे सारे सेकंदाच्या लहानशा अंशात उरकते आणि डोळ्यापुढची एक प्रतिमा विरण्यापूर्वीच दुसरी तिच्यावर चढते.

१८७५ च्या सुमारास वर्दिंग्टन यांनी यावर मोठी नामी युक्ती काढली. खोली पूर्ण अंधारी करायची. अंधारातच पाऱ्याचा किंवा दुधाचा थेंब काचेच्या पट्टीवर सोडायचा आणि तो पडल्यावर ठरावीक क्षणी विजेची एक ठिणगी पाडायची. ठिणगीचा उजेड सेकंदाचा काही दशलक्षांश भाग एवढाच टिके. तेवढ्या वेळात थेंब जणू गोठलेलाच दिसे आणि पुन्हा अंधार झाल्यावर ती प्रतिमा डोळ्यांत क्षणभर रेंगाळे. ती विसरण्यापूर्वी कागदावर उतरवायची. मग ठिणगी किंचित उशिरा पाडून नवा थेंब आणि नवे चित्र. असे शेकडो थेंब सोडून, चित्रे क्रमाने लावून, थेंबाच्या फुटण्याचा इतिहास त्यांनी तयार केला. त्या चित्रांत थेंब तबकडीसारखा पसरत होता, त्याच्या कडेने समान अंतरावर किरणांसारखी बोटे फुटत होती, कधी सुबक मुकुट उभा राहत होता. रांगोळी काढावी तशी रेखीव, सर्व बाजूंनी सारखी चित्रे.

सुमारे वीस वर्षे हे काम चालले. मग छायाचित्रणाच्या काचा पुरेशा संवेदनशील झाल्या आणि १८९४ मध्ये त्याच ठिणगीच्या उजेडात थेंबाची छायाचित्रे घेता येऊ लागली. वर्दिंग्टन यांनी ती पाहिली. मुकुट होता, पण वाकडा. एका बाजूची भिंत उंच, दुसरीकडची बसकी. बोटे कुठे दाटीवाटीने, कुठे विरळ. असा एक नव्हे, जवळजवळ प्रत्येक थेंब. इतकी वर्षे त्यांनी जो निर्दोष थेंब रेखाटला होता, तो प्रत्यक्षात कधी पडलाच नव्हता!

येथून पुढचा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. वर्दिंग्टन यांनी आपली जुनी मूळ रेखाटने काढून पाहिली, तेव्हा त्यांत वेडेवाकडे आकार ठिकठिकाणी आढळले. म्हणजे डोळ्याने फसवले नव्हते आणि हातानेही नव्हते. छापण्यासाठी चित्रे निवडताना मात्र, निसर्गाचा खरा नियम सुडौलच असणार आणि वाकडेपणा हा त्या त्या थेंबाचा किरकोळ अपघात, असे धरून त्यांनी ती रेखाटने बाजूला सारली होती. ही गोष्ट त्यांनी लपवली नाही, आपल्या लेखनातून उघड मांडली. माझा सहावा बिंदू आणि त्यांचे वाकडे थेंब यांत फरक एवढाच की त्यांनी रेखाटने जपून ठेवली होती.

रंगवलेल्या चित्रांतील घोड्याचेही असेच झाले. भरधाव घोडा पुढचे पाय पुढे आणि मागचे पाय मागे ताणून हवेत तरंगतो, असे चित्रकार पिढ्यानपिढ्या रंगवत आले होते. जून १८७८ मध्ये कॅलिफोर्नियात एडवर्ड मायब्रिज यांनी धावपट्टीच्या कडेला बारा कॅमेरे ओळीने मांडले आणि घोड्याच्या धावण्यानेच आडवे दोरे तुटून एकेक झडप उघडेल अशी योजना केली. घोड्याचे चारही पाय जमिनीवरून सुटतात हे खरे ठरले. पण ते ताणलेले असताना नव्हे, पोटाखाली गोळा झालेले असताना.

तर मग छायाचित्र घेतले की सत्य हाती लागले, असे समजायचे का? तसे असते तर फार बरे झाले असते. मंगळाच्या कालव्यांची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. पर्सिव्हल लॉवेल यांना दुर्बिणीतून मंगळावर सरळ रेषांचे जाळे दिसे, आणि ते तेथील बुद्धिमान प्राण्यांनी खणलेले कालवे आहेत अशी त्यांची खात्री होती. १९०५ मध्ये त्यांच्या वेधशाळेत मंगळाची छायाचित्रे घेण्यात आली. प्रत्येक प्रतिमा हरभऱ्याच्या दाण्याएवढी. ज्यांचा कालव्यांवर विश्वास होता त्यांना त्या दाण्यावर कालवे दिसले; ज्यांचा नव्हता त्यांना पुसट डाग दिसले. १९०९ मध्ये फ्रान्समधील म्यूडाँच्या मोठ्या दुर्बिणीतून अँटोनियाडी यांनी पाहिले, तेव्हा रेषांच्या जागी विस्कळीत ठिपके आणि छटा दिसल्या. अखेर जुलै १९६५ मध्ये मरिनर ४ या यानाने जवळून जाताना बावीस चित्रे पाठवली, त्यांत विवरे होती, कालवे नव्हते. तात्पर्य, कॅमेऱ्याला उत्तर ठाऊक नसले तरी छायाचित्र पाहणाऱ्याला ते आधीच ठाऊक असू शकते.

तरीही छायाचित्राचा एक उपकार उरतोच. ते पुन्हा पाहता येते, आणि दुसऱ्याला पाहता येते. याचे उदाहरण आपल्याला फार दूर शोधायला नको. १८८७ मध्ये पॅरिस येथे जमलेल्या खगोलशास्त्रज्ञांनी सारे आकाश छायाचित्रांत उतरवण्याचा संकल्प केला आणि निरनिराळ्या वेधशाळांना आकाशाचे पट्टे वाटून दिले. चिलीतील सँटियागोकडे दिलेला एक पट्टा तेथे पुरा झाला नाही, तो आला हैदराबादच्या निजामिया वेधशाळेकडे. नवाब जफर जंग यांनी १९०१ मध्ये स्थापन केलेली ही वेधशाळा पुढे निजाम सरकारने चालवली. तेथे काचेच्या तबकड्यांवर आकाश टिपले गेले. तबकडीवर चौकटींचे बारीक जाळे उमटवलेले असे आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेका ताऱ्याची जागा त्या चौकटींवरून मोजली जाई. लाखो तारे, वर्षानुवर्षे. या कामात नाट्य काहीच नाही, आणि मोजणाऱ्यांची नावे सहसा कोणी घेत नाही.

पण पुढे काय झाले पाहा. युरोपच्या हिप्पार्कस उपग्रहाने १९८९ ते १९९३ या काळात ताऱ्यांच्या जागा अत्यंत अचूक मोजल्या. तारा आकाशात किती सरकतो हे कळायला मात्र आजची जागा पुरत नाही, जुनीही लागते. जितकी जुनी तितकी चांगली. तेव्हा जगभरच्या त्या जुन्या तबकड्यांवरील मोजमापे पुन्हा हाती घेतली गेली, हैदराबादचीही, आणि २००० मध्ये सुमारे पंचवीस लाख ताऱ्यांची गती देणारी टायको-२ ही सूची तयार झाली. तबकडी मोजणाऱ्याला आपल्या आकड्याचा असा उपयोग होईल याची कल्पनाही नव्हती. म्हणूनच तो आकडा निर्लेप राहिला, असे मला वाटते.

आजच्या काळात प्रतिमा ही एका झडपेने टिपलेली वस्तूच राहिलेली नाही. १० एप्रिल २०१९ रोजी प्रसिद्ध झालेले एम-८७ दीर्घिकेतील कृष्णविवराचे चित्र सर्वांनी पाहिले असेल. केशरी कडे, मध्ये काळोख. हवाई, ॲरिझोना, मेक्सिको, चिली आणि स्पेन येथील रेडिओ दुर्बिणींनी एप्रिल २०१७ मध्ये गोळा केलेल्या आकड्यांतून ते गणिताने उभे केले आहे. त्या आकड्यांत मोकळ्या जागा पुष्कळ होत्या, आणि त्या भरण्याच्या रीतीही पुष्कळ. सिद्धांताप्रमाणे कडे दिसायला हवे हे प्रत्येकाला माहीत होते. म्हणजे वर्दिंग्टन यांचाच सापळा, फक्त अधिक खोल! त्या शास्त्रज्ञांनी आपले चार गट पाडले आणि चित्र तयार होईपर्यंत एका गटाने दुसऱ्याशी त्याविषयी बोलायचे नाही असा नियम केला. शिवाय मुद्दाम बनवलेल्या खोट्या आकड्यांवर आपली रीत तपासली. मध्ये काळोख नसलेल्या भरीव चकतीचे आकडे दिले तर ही रीत उगाच कडे काढून दाखवते का, हेही पाहिले. चार गटांची चित्रे शेजारी ठेवली तेव्हा चौघांतही कडे होते.

गेल्या वर्षी आमच्या प्रयोगशाळेत एक छोटा उद्योग केला. पसरट ताटलीत दुधाचा पातळ थर, वरून दुधाचाच थेंब, आणि समोर एका विद्यार्थ्याचा मोबाईल, सेकंदाला २४० चित्रे घेणाऱ्या मंदगती चित्रणावर लावलेला. थेंबाचा मुकुट त्यात चार-पाच चित्रांत सापडतो, तेवढे पुरे. चित्रफीत पाहण्याआधी प्रत्येकाने थेंब नुसत्या डोळ्यांनी पाहून मुकुटाचे चित्र काढायचे, अशी अट घातली. बारा वह्यांपैकी अकरा वह्यांत राजाच्या डोक्यावर शोभेल असा मुकुट आला. बाराव्या वहीतला मुकुट डावीकडे कलला होता, आणि त्याचे एक बोट तुटून वेगळे उडाले होते. वहीची मालकीण अवघडून म्हणाली, "सर, माझं वाकडं आलंय. खोडून परत काढू का?"

चित्रफीत अजून कोणीच पाहिली नव्हती. मी तिला खोडरबर दप्तरात टाकायला सांगितले आणि मोबाईल हातात घेतला.