पहिला पाळणा कर्णपुऱ्यातला

नवरात्राची पहिली माळ लागली की छत्रपती संभाजीनगरातली पोरं कर्णपुऱ्याच्या यात्रेला जायचा हट्ट धरतात. मोठ्यांना तुळजाभवानीचं दर्शन घ्यायचं असतं, पोरांची नजर मात्र आकाशपाळण्यावर खिळलेली असते. बिकानेरचे राजा कर्णसिंह मुघल फौजेबरोबर दख्खनेत आले आणि 1669 मध्ये याच शहरात वारले. कर्णपुरा त्यांच्या नावाचा, तर शहरातलाच पदमपुरा त्यांचा मुलगा पद्मसिंह याच्या नावाचा. देवीचं मंदिरही कर्णसिंहांनीच बांधलं असं सांगतात.

यात्रेत ब्रेक डान्स असतो, कोलंबस ही झुलती नाव असते, ड्रॅगन ट्रेन असते. ‘घाबरतोस काय, बस!’ म्हणत तीन-चार वर्षांच्या लेकराला थेट कोलंबसमध्ये बसवणारे वडील दरवर्षी दिसतात. नाव उलट्या दिशेला झेपावते, पोटात गोळा येतो, पोर किंचाळतं. पण फेरी संपेपर्यंत यंत्र काही थांबत नाही. मग ते लेकरू पुढची कित्येक वर्षं पाळण्याचं नाव काढलं तरी आईचा पदर सोडत नाही.

सुरुवात करावी ती हाताने फिरवायच्या चार पेट्यांच्या छोट्या पाळण्यापासून. एवढ्या मोठ्या यात्रेत तो कडेला, खेळण्यांच्या दुकानांच्या रांगेत उभा असतो आणि सगळ्या मैदानातलं सर्वांत शहाणं यंत्र तोच. पाळणेवाला पोराला उचलून पेटीत ठेवतो, पुढचा आडवा दांडा लावतो, तो हलवून बघतो. मग खाली येणाऱ्या प्रत्येक पेटीला तळहाताने रेटा देतो. दर फेरीला पोराचा चेहरा त्याच्या डोळ्यांसमोरून जातो. ओठ थरथरले की रेटा कमी होतो, ‘बस्स!’ म्हटलं की तो अंगाचा भार देऊन पाळणा थांबवतो. आपण म्हटलं की हे थांबतं, एवढं कळलं की लेकराची निम्मी भीती तिथेच सरते. विजेच्या पाळण्यात हीच सोय नसते.

उतरल्यावर पोर झोकांड्या खातं, तेव्हा हात धरावा. आतल्या कानात अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. शरीर थांबलं तरी त्यांतला द्रव क्षणभर फिरतच राहतो, म्हणून जमीन गरगरते. दोन ते बारा या वयात फिरण्याने मळमळण्याचा त्रास जास्त होतो. भरपेट भजी खाऊन लगेच पाळण्यात बसवू नये, हे आज्यांचं म्हणणं अगदी खरं आहे.

यानंतर घोड्यांची चक्री. तिथे आतल्या रांगेतला घोडा निवडावा. चक्री एकच असली तरी मध्यापासून दुप्पट लांब असलेला घोडा तेवढ्याच वेळात दुप्पट अंतर कापतो; म्हणजे बाहेरच्या घोड्याचा वेगही दुप्पट. ब्रेक डान्ससारख्या गरगर फिरणाऱ्या खेळात पोर मोठं झाल्यावर बसवलं तरी त्याला आतल्या बाजूला बसवावं आणि मोठ्या माणसाने बाहेरच्या. नाहीतर वेगात अंग बाहेर फेकलं जातं आणि मोठ्याचा सगळा भार लहानग्यावर येऊ शकतो.

उंचीच्या पट्टीवरून तिकीट खिडकीशी वाद घालणारेही असतात. तो वाद घालूच नये. दांडा आणि पट्टा ठराविक मापाच्या देहासाठी बनवलेले असतात. छोटं मूल खालून सटकू शकतं. शिवाय लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानाने जड आणि मान नाजूक असते, त्यामुळे हिसका बसला की मानेला जास्त सोसावं लागतं.

पाळण्यांचा इतिहास थोडक्यात सांगायचा, तर 1620 मध्ये पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने तुर्की अमलाखालच्या बल्गेरियात माणसांनी फिरवायचे पाळणे पाहिले. 1893 मध्ये जॉर्ज फेरिसने शिकागोत 264 फुटी चक्र उभं केलं. आपल्याकडे 1989 मध्ये गोराईला एस्सेलवर्ल्ड हे मनोरंजन उद्यान आलं, 2013 मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका.

कर्णपुऱ्याला लेकरू न्यायचंच असेल, तर दुसऱ्या-तिसऱ्या माळेला, उन्हं कलताना न्यावं. सातव्या माळेपासून गर्दीत पाय ठेवायला जागा नसते. आधी लांबून एक अख्खी फेरी बघू द्यावी: कोण कुठून चढतं, पाळणा कसा थांबतो, उतरणारी पोरं हसतात की रडतात. ‘मला बसायचंय’ हे त्याने स्वतः म्हणेपर्यंत तिकीट काढू नये. नाहीच म्हणालं, तर शेजारीच फुगे आणि पिपाण्या मिळतात.