तेलातील थेंबांतून विजेचा पाझर

नंदुरबार जिल्ह्याचा बराचसा भाग बेसाल्टाने, म्हणजे काळ्या पाषाणाने, व्यापलेला आहे. हा पाषाण बहुतांशी आपल्या भेगांतून व सांध्यांतूनच पाणी पुढे जाऊ देतो. भेगा पुष्कळ असूनही त्या एकमेकींस मिळालेल्या नसतील, तर पाझर तलावातील पाणी खालच्या विहिरीस लागत नाही. म्हणजे भेगा किती आहेत, यापेक्षा त्या जुळल्या आहेत की नाहीत, हे अधिक महत्त्वाचे ठरते. ब्रॉडबेंट व हॅमर्स्ली यांनी १९५७ मध्ये या प्रश्नास गणिती रूप दिले. मात्र त्यांच्यापुढे विहीर नव्हती. वायुरोधक मुखवट्यांतील सच्छिद्र कार्बन होता.

हेच गणित एका पारदर्शक द्रवासही लागू पडते. तेल, पाणी व योग्य पृष्ठक्रियाकारक यांच्या मिश्रणाचे वर्णन होर व शुलमन यांनी १९४३ मध्ये केले. 'सूक्ष्मपायस' या अर्थाचे नाव त्यास १९५९ मध्ये मिळाले. एओटी हा पृष्ठक्रियाकारक हेप्टेनमध्ये घेऊन त्याच्या प्रत्येक रेणूमागे पाण्याचे सुमारे २५ रेणू घातले, तर पाण्याच्या थेंबाची त्रिज्या सुमारे ४ नॅनोमीटर भरते. प्रकाशाच्या तरंगलांबीपुढे हे थेंब इतके लहान असतात की द्रव गढूळ दिसत नाही.

हेप्टेन हे विजेचे दुर्वाहक आहे, आणि थेंब विरळ असेपर्यंत द्रवाची संवाहकता अत्यल्पच राहते. पाण्याचे प्रमाण किंवा तपमान वाढवीत गेल्यास ती आरंभी मंदपणे वाढते. परंतु एका विशिष्ट सीमेशी येताच ती हजार पटींनी, क्वचित त्याहूनही अधिक, उसळते. लागूरेत व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये ही उसळी पाझराच्या सिद्धांताशी जोडली.

मात्र येथे एक घोटाळा होण्याचा संभव आहे. संवाहकता वाढली, यावरून पाण्याची अखंड वाट तयार झाली, असे समजणे बरोबर नाही. थेंब वेगळे राहूनही वीज जाऊ शकते. ते सतत हालत असतात, क्षणभर एकमेकांस चिकटतात, आणि तेवढ्यात आयन एका थेंबातून दुसऱ्यात जातात. ते पृष्ठक्रियाकारकाच्या पडद्यावरून उडी घेतात, की पडदा क्षणभर फुटून वाट उघडते, याविषयी दोन मते आहेत.

स्थिर थेंब व हालते थेंब यांतील भेद मापनातून कळतो. सीमेच्या खाली संवाहकता ज्या घातांकाने वाढते, तो स्थिर कणांच्या गणिताप्रमाणे सुमारे ०.७ यावयास हवा. सूक्ष्मपायसात तो सुमारे १.२ येतो. थेंबांची हालचाल हिशेबात धरली म्हणजे ही तफावत मिटते. पडद्याच्या भूमिकेस पुष्टी मिळाली ती जादवपूर विद्यापीठातील रे, बिसाल व मौलिक यांच्या १९९३ मधील प्रयोगांतून. कोलेस्टेरॉल मिसळल्यास पाझर लांबतो, तर पित्तलवण मिसळल्यास तो लवकर होतो. पाण्याचे प्रमाण तेच असूनही सीमा सरकते, म्हणजे नुसत्या पाण्याच्या मोजमापाने तिचा उलगडा होणार नाही, पडद्याचा विचार करावाच लागेल.

थेंबांतील द्रव्यांची ही देवघेव औषधे वाहून नेण्यास किंवा थेंबांत सूक्ष्मकण घडविण्यास सूक्ष्मपायस वापरणाऱ्यांस महत्त्वाची आहे. म्हणूनच संवाहकतेच्या आलेखासोबत प्रकाशाचे विकिरण किंवा श्यानता यांचेही मापन घेण्याचा प्रघात आहे.