नव्या आवृत्तींत हरवलेलीं पत्रें

संसार जसा धान्याच्या कणगींवर चालतो, तसाच तो पत्रव्यवहारावरहि चालतो, हें आमच्या वाचकांस निराळें सांगावयास नको. ज्या घरांत तीन-चार पिढ्या एकत्र नांदल्या, त्या घरांत माजघरच्या खुंटीला तारेंत ओंवलेला पत्रांचा जुडगा टांगलेला असे. लग्नाचीं बोलणीं, बाळंतिणीची खुशाली, शेताच्या वांटणीचा करार, परगांवीं शिकणाऱ्या मुलाची पैशांची मागणी, सारें त्या एका तारेवर सांपडे. ती तार आतां गेली. तिची जागा संगणकांतील ई-मेलच्या पेटीनें घेतली आहे. आणि ही पेटी झटपट, स्वस्त व सोयीची आहे, यांत शंका नाहीं. परंतु भिंतींना नवा रंग दिल्यामुळें तारेवरचीं पत्रें कधीं नाहींशीं होत नसत. ई-मेलच्या बाबतींत नेमकें तसें घडूं शकतें. पत्रें वाचण्याच्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ति बसविली जाते, यंत्र एकदां बंद होऊन पुन्हां सुरू होतें, आणि जेथें पंधरा वर्षांचीं पत्रें व दोन-तीनशें आप्तांचे पत्ते होते, तेथें कोरी पाटी दिसूं लागते. असें कां होतें, त्यांतून काय वांचवितां येतें, आणि तें होऊंच नये म्हणून घरानें कोणती व्यवस्था ठेवावी, याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ई-मेल ही वस्तु आतां नवी राहिलेली नाहीं. १९७१ सालीं अमेरिकेंत रे टॉमलिन्सन या अभियंत्यानें एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर पत्र धाडलें, आणि माणसाचें नांव व यंत्राचें नांव वेगळें दाखविण्यासाठीं ॲट हें चिन्ह योजिलें. आपल्या देशांत विदेश संचार निगमानें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं सामान्य ग्राहकांस इंटरनेट खुलें केलें. पुढच्याच वर्षीं, ४ जुलै १९९६ रोजीं, सबीर भाटिया व जॅक स्मिथ यांनीं हॉटमेल सुरू केली. ज्याच्याजवळ स्वतःचा संगणक नाहीं, त्यासहि सायबर कॅफेंत बसून पत्र लिहितां येऊं लागलें. १ एप्रिल २००४ रोजीं जीमेल आली. तिनें प्रत्येकास एक गिगाबाइट जागा देऊं केली, तेव्हांपासून पत्र पुसून टाकण्याची संवयच लोकांस सुटली.

ज्या जिल्ह्याचें नांव २०२३ सालीं उस्मानाबादऐवजीं धाराशिव असें झालें, तेथील घरांकडे या दृष्टीनें पाहावें. धाराशिव, तुळजापूर, उमरगा, परंडा, कळंब येथील किती तरी मुलें-मुली या अवधींत शिक्षणास व नोकरीस सोलापूर, पुणें, हैदराबाद येथें आणि तेथून परदेशीं गेलीं. त्यांचीं पत्रें पोस्टमनाच्या हातून न येतां संगणकांत येऊं लागलीं, आणि घरांतील ज्या एकास यंत्र चालवितां येई, तो आपोआप साऱ्या कुटुंबाचा दफ्तरदार झाला. संकटाचें मूळ पुष्कळदां येथेंच असतें. पत्रें सर्वांचीं, पत्ते सर्वांचे. पण पेटी एकाच्या नांवाची, आणि किल्लीहि एकाच्याच स्मरणांत. सूनबाईंच्या माहेरच्या माणसांचे पत्ते, आत्याबाईंच्या सासरचे पत्ते, आजोबांच्या शाळासोबत्यांचे पत्ते हे सारे त्या एका वहींत असतात, आणि ती वही गेली म्हणजे प्रत्येकाचें कांहीं ना कांहीं जातें.

आतां पत्र राहतें कोठें, हें पाहूं. पत्र प्रथम सेवा देणाऱ्या कंपनीच्या मोठ्या संगणकावर उतरतें. तेथून तें आपल्या यंत्रांत आणण्याच्या दोन रीति आहेत. पीओपी या जुन्या रीतीनें पत्र घरच्या संगणकांत उतरून घेतलें जातें आणि पुष्कळदां मूळ जागेवरून पुसलें जातें; म्हणजे पुढें त्याची एकुलती एक प्रत घरींच राहते. आयमॅप ही दुसरी रीति मार्क क्रिस्पिन यांनीं १९८६ सालीं सिद्ध केली. हिच्यांत मूळ पत्र कंपनीकडेच राहतें व घरच्या यंत्रांत त्याचें प्रतिबिंब दिसतें. ज्याच्या घरीं दुसरी रीति आहे, त्याचा प्रोग्रॅम बिघडला तरी पत्रें बहुधा शाबूत असतात. ज्याच्या घरीं पहिली आहे, त्यानें नवी आवृत्ति बसविण्यापूर्वीं दहादां विचार करावा. आपल्या घरीं कोणती रीति आहे, हा प्रश्न घरच्या जाणत्यास आजच विचारून ठेवणें बरें.

प्रोग्रॅम बदलल्यावर जी हानि झालेली दिसते, ती तीन प्रकारची असते, आणि तिन्हींचे उपाय भिन्न आहेत.

पहिला प्रकार म्हणजे वस्तु घरांतच असून जागा न सांपडणें. पत्रें व पत्ते हीं एकाच कपाटांत असतात अशी आपली समजूत असते. वस्तुतः त्यांच्या खोल्या निराळ्या असतात. आउटलुक एक्स्प्रेस हा एके काळीं घरोघर असलेला प्रोग्रॅम पत्रांच्या प्रत्येक कप्प्यासाठीं एक फाईल ठेवी, आणि पत्त्यांची वही अगदीं वेगळ्या फाईलींत ठेवी. २००७ च्या जानेवारींत व्हिस्टा बाजारांत आली आणि त्याच्या जागीं विंडोज मेल आला. त्यानें दोहोंचीहि ठेवण बदलली. नव्या यंत्रावर जातांना ज्यांनीं पत्रांच्या फाईली तेवढ्या उचलल्या, त्यांचे पत्ते मागें राहिले. थंडरबर्डनें २०२० च्या ७८ व्या आवृत्तींत पत्त्यांच्या वहीचा सांचाच बदलला. जुनी फाईल मात्र नांव बदलून बाजूस ठेविली. शिवाय, नांवाचीं पहिलीं दोन अक्षरें लिहितांच जो पत्ता पुढें येतो, तो पत्त्यांच्या वहींतूनच येतो असें नाहीं. आउटलुकच्या २००७ पर्यंतच्या आवृत्ति हीं नांवें एका निराळ्या लहानशा फाईलींत साठवीत. ज्यांनीं वहींत एकहि पत्ता स्वतः लिहिला नव्हता, त्यांस ती फाईल मागें राहिल्यावरच कळलें, कीं आपल्याजवळ वही अशी नव्हतीच.

दुसरा प्रकार अधिक विचार करण्याजोगा आहे. वस्तु हातांत आहे, पण ती वाचतां येत नाहीं. १९९० नंतरच्या दशकांत मराठींत पत्र लिहिणारे लोक श्रीलिपि किंवा सी-डॅकचे टंक वापरीत. त्या टंकांत मराठी अक्षर इंग्रजी अक्षराच्या जागेवर बसविलेलें असे. टंक यंत्रांत असेपर्यंत पत्र मराठी दिसे. नव्या यंत्रावर टंक नसला, कीं तेंच पत्र इंग्रजी अक्षरांचा व चिन्हांचा निरर्थक कचरा होऊन बसे. आईनें मुलास लिहिलेलें पत्र असें विद्रूप झालेलें पाहून तें बिघडलें असें समजून पुसून टाकणारे लोक थोडे नसतील. वास्तविक त्या पत्राचें एकहि अक्षर गेलेलें नसतें. मूळ टंक पुन्हां बसवावा, अथवा टंक-परिवर्तकानें तें युनिकोडांत उतरून घ्यावें, म्हणजे तें पूर्ववत् वाचतां येतें.

मराठवाड्यास हा अनुभव नवा नाहीं. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं हैदराबाद संस्थानांतील निजामाची सत्ता संपली, तोंपर्यंत या जिल्ह्याचें सरकारी दफ्तर मुख्यतः उर्दूंत होतें, आणि घरगुती व गांवकीचे कागद पुष्कळसे मोडींत असत. पुढें शाळांतून मोडी गेली, कचेऱ्यांतून उर्दू गेली. कागद तसेच बस्त्यांत राहिले, पण वाचणारीं माणसें एकेक करून निघून गेलीं. २०२३ च्या सप्टेंबरांत कुणबी नोंदींच्या शोधासाठीं निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांची समिति नेमली गेली, तेव्हां ठिकठिकाणीं मोडी व उर्दू जाणणारे शोधून आणावे लागले. ज्या कागदावर एखाद्या कुटुंबाचा हक्क अवलंबून, तो कागद शाबूत असूनहि मुका होता. पत्र जपणें म्हणजे केवळ पत्र जपणें नव्हे. तें वाचण्याचें साधनहि जपणें होय.

तिसरा प्रकार खऱ्या नाशाचा. जेथें एकच प्रत होती आणि तीच गेली, तेथें उपाय चालत नाहीं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे किल्लारीच्या भूकंपानें लातूर व तेव्हांच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारें दहा हजार माणसें मृत्युमुखीं पडलीं. सास्तूर व त्याच्या आसपासचीं गांवें दगडमातीच्या ढिगाऱ्यांखालीं गेलीं. त्या शोकापुढें कागदांचा हिशेब कोणी करूं नये. तथापि जे वांचले, त्यांस पुढें घर, शेत, नातें हीं सारीं कागदानें दाखवावीं लागलीं, आणि कागद ज्या छताखालीं होते तें छतच उरलें नव्हतें. एका छताखालीं एकच प्रत ठेवणें किती धोक्याचें, हें या जिल्ह्यास कोणी शिकवावयास नको.

हाच धडा जगांतील मोठ्या कंपनीसहि घ्यावा लागला. २७ फेब्रुवारी २०११ रोजीं जीमेलच्या कांहीं ग्राहकांस आपली पेटी अकस्मात् रिकामी दिसली. पत्रें साठविण्याच्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ति बसवितांना त्यांत एक दोष शिरला होता. अशा ग्राहकांचें प्रमाण शेंकडा ०.०२ इतकेंच होतें. पण ज्याची पेटी रिकामी झाली, त्याच्यापुरती ती सारीच गेली होती. कंपनीजवळ पत्रांच्या अनेक प्रति निरनिराळ्या ठिकाणीं होत्या. त्या सर्व चालू यंत्रांतच असल्यामुळें तो दोष त्यांसहि बाधला. अखेर उपयोगी पडल्या त्या चुंबकीय फितींवरच्या प्रति. कारण त्या यंत्रास जोडलेल्या नव्हत्या. फितींवरून पत्रें परत उतरविण्यास वेळ लागला, पण तीं आलीं. जोडलेली दुसरी प्रत ही खरी दुसरी प्रत नव्हे, हें यावरून ध्यानांत यावें.

आतां घरगुती उपायांकडे वळूं. नवी आवृत्ति बसविण्यापूर्वीं मेलचा प्रोग्रॅम बंद करावा आणि त्याचा संपूर्ण फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरून घ्यावा. निवडक फाईली उचलूं नयेत. पत्त्यांची वही स्वतंत्रपणें व्ही-कार्ड या सांच्यांत बाहेर काढावी, कारण हा सांचा बहुतेक सर्व प्रोग्रॅमांस व मोबाइलांस समजतो. मराठी नांवें असल्यास ती फाईल युटीएफ-८ या पद्धतीनें जपावी. नाहीं तर नांवांच्या जागीं प्रश्नचिन्हें येतात. नंतर ती प्रत दुसऱ्या एखाद्या यंत्रावर उघडून पाहावी. उघडून न पाहिलेली प्रत ही कुलुप लावलेली रिकामी पेटी असूं शकते. आणि डिस्क यंत्रापासून काढून निराळ्या घरीं, थोरल्या मुलीच्या किंवा धाकट्या भावाच्या कपाटांत, ठेवावी.

संकट ओढवल्यावर घाई करूं नये. प्रोग्रॅम काढून पुन्हां बसविण्याचा मोह आवरावा. हरवलेली वस्तु पुष्कळदां त्या धांवपळींतच खरी नष्ट होते. कित्येकदां नवी आवृत्ति स्वतःसाठीं कोरी खोली उघडते आणि जुनी खोली शेजारींच बंद असते. ती शोधून दाखविली कीं पत्रें परत दिसतात. विंडोजची नवी आवृत्ति बसविल्यास जुन्या आवृत्तीचें सामान विंडोज-ओल्ड या नांवाच्या फोल्डरांत राहतें. पण तें साधारणतः दहा दिवसांत आपोआप पुसलें जातें, म्हणून शोध त्या आंत व्हावा. गूगलच्या वहींतून पत्ते गेले असतील, तर तीस दिवसांच्या आंत ती वही पूर्वस्थितीस नेतां येते.

एक नाजूक गोष्ट सांगितल्यावांचून हा विषय पुरा होत नाहीं. घरांतील वडील माणूस निवर्ततें, तेव्हां त्याची ई-मेलची पेटी कोणाच्या लक्षांत येत नाहीं. दोन वर्षें न उघडलेलें खातें काढून टाकण्याचा अधिकार गूगलनें आपल्याकडे ठेविला असून डिसेंबर २०२३ पासून तो अमलांत आला आहे. म्हणजे वर्षश्राद्धानंतर आणखी एक वर्ष लोटलें, कीं त्या माणसाचीं उरलीं-सुरलीं पत्रें जाण्याचा संभव उत्पन्न होतो. यासाठीं ज्याचें खातें असेल, त्यानें हयातींतच एका विश्वासू व्यक्तीचें नांव नोंदवून ठेवण्याची सोय त्याच कंपनीनें केली आहे. मृत्युपत्राविषयीं जी टाळाटाळ आपल्या घरांत चालते, ती येथें तरी चालूं देऊं नये.

नाशिक व त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतून आपल्या पणजोबांची सही आजहि पाहावयास मिळते. त्या वह्या टिकल्या, त्या कागद चिवट होता एवढ्यामुळें नव्हे. जीर्ण वही दिसतांच ती उतरून घेणारा माणूस प्रत्येक पिढींत होता, म्हणून त्या टिकल्या. आपल्या घरांतहि असा एक माणूस नेमावा, आणि एकावर भार नको म्हणून त्याच्या जोडीस दुसरा द्यावा; तो दुसरा सासुरवाशीण असेल तर फारच उत्तम, कारण दोन घराण्यांचे पत्ते तिला ठाऊक असतात. दसऱ्यास आपण सरस्वतीपूजनाला वह्या-पुस्तकें मांडतों. त्याच दिवशीं पत्रांची व पत्त्यांची नवी प्रत काढावी, जवळच्या पन्नास माणसांचे पत्ते व फोन एका साध्या कागदी वहींत शाईनें उतरून काढावे, आणि ती वही त्या पूजेंत ठेवावी. ती वाचावयास कोणतीहि आवृत्ति बसवावी लागत नाहीं.