रॉकेलवरचं विमान

संपादकांचा फोन आला तेव्हा वैशाख तापला होता. अमरावतीजवळ बेलोऱ्याला वैमानिकांची मोठी शाळा होते आहे, तुम्ही तिकडचे आहात, दिवाळी अंकासाठी लिहा. फोन ठेवता ठेवता त्यांनी मथळाही सुचवला. त्यात ‘गरुडझेप’ हा शब्द होता. मी बरं म्हटलं आणि यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या बाभुळगावचं एस.टी.चं वेळापत्रक विचारायला भाच्याला फोन लावला.

बाभुळगावचं आणि विमानांचं नातं म्हटलं तर आहे, म्हटलं तर नाही. ‘लोकमत’चे संस्थापक जवाहरलाल दर्डा १९२३ साली इथे जन्मले आणि यवतमाळच्या भारी गावाजवळच्या विमानतळाला त्यांचं नाव आहे. नाव गावचं, धावपट्टी जिल्ह्याची, विमान मात्र कुणाचंच नाही. २००९ मध्ये राज्यातले पाच छोटे विमानतळ खासगी कंपनीला ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले गेले, त्यांत यवतमाळही होता. रोजचं प्रवासी विमान काही सुरू झालं नाही. शकुंतला रेल्वे गेली, विमान आलं नाही, असं आमच्याकडे पानठेल्यावर एका दमात म्हणतात.

बेलोऱ्याचं तसं झालं नाही. यवतमाळहून अमरावतीच्या रस्त्याने नेर, नांदगाव खंडेश्वर मागे टाकलं की बडनेऱ्याच्या अलीकडे तो विमानतळ लागतो. १६ एप्रिल २०२५ रोजी तिथे मुंबईहून पहिलं प्रवासी विमान उतरलं. १,८५० मीटरची धावपट्टी, एटीआर-७२ जातीचं पंख्याचं विमान, मंत्र्यांची रांग. त्याच्या आदल्या वर्षी, जुलै २०२४ मध्ये, एअर इंडियाने जाहीर केलं होतं की या आवारातल्या दहा एकरांवर दक्षिण आशियातली सर्वांत मोठी वैमानिक प्रशिक्षण संस्था उभी राहील. वर्षाला १८० व्यावसायिक वैमानिक, ३४ विमानं, वसतिगृह, दुरुस्तीचं केंद्र, विमानतळ कंपनीशी तीस वर्षांचा करार. मी गेलो तेव्हा शाळा भरायची होती. कुंपणाबाहेर एक रसवंती होती आणि रसवंतीवाल्याला विमानाच्या वेळा तोंडपाठ होत्या.

खरं तर विदर्भाला विमानांचं अप्रूप असायचं कारण नाही. १९४९ च्या जानेवारीत रात्रीची टपाल विमानसेवा सुरू झाली, ती नागपूरच्या भरवशावर. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली डाकोटा विमानं मध्यरात्री तिथल्या सोनेगाव विमानतळावर जमायची, थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत ज्याची त्याची विमानं आपापल्या गावी. आज नागपूरच्या मिहानमध्ये बोइंगने बांधून दिलेलं विमानदुरुस्तीचं केंद्र आहे, गोंदियाजवळ बिरसीला दुसऱ्या महायुद्धातल्या धावपट्टीवर पोरं उडायला शिकतात. पण हे सगळं आपल्या डोक्यावरून गेलं, शब्दशः.

माझा लेख इथवर नीट चालला होता. मग मी त्या ३४ विमानांची माहिती वाचायला बसलो आणि अडकलो.

त्यांतली ३१ एकइंजिनी आहेत, अमेरिकेतल्या पायपर कंपनीची ‘आर्चर डीएक्स’. तीन दुइंजिनी, ऑस्ट्रियाच्या डायमंड कंपनीची ‘डीए-४२’. कंपन्या दोन, देश दोन, इंजिनांचे कारखानेही वेगळे. पण दोन्ही इंजिनांचं मूळ एकच: मर्सिडीजच्या छोट्या मोटारीतलं दोन लिटरचं, चार सिलिंडरचं डिझेल इंजिन. आर्चरमधलं १५५ अश्वशक्तीचं आहे, डायमंडमधली प्रत्येकी १६८ ची. बाभुळगावात डिझेल इंजिन म्हटलं की माणूस आभाळाकडे बघत नाही, विहिरीकडे बघतो. मी माहितीपत्रक घडी करून खिशात घातलं आणि मिस्त्रीकाकांकडे गेलो.

काकांचं नाव लिहू नको असं त्यांनीच सांगितलं. वय सत्तरीच्या पुढे. बाजाराच्या रस्त्यावर टिनाचं दुकान, आत दोन मोठ्या चाकांचं एक काळं इंजिन, जे आता फक्त शोभेला आहे. ऐन उमेदीत त्यांनी तालुक्यातली शेकडो पंपाची इंजिनं खोलली आणि बसवली. मग वीज आली, बेंबळा धरणाचं पाणी आलं, आता सौर पंप येत आहेत. कामाला उरले ते फवारणीचे पंप आणि कुणाच्या तरी हट्टाने जिवंत ठेवलेलं एखादं जुनं इंजिन. हात मात्र अजून तेच. बोलताना बोटं एखादा नट फिरवल्यासारखी हलतात.

मी सांगितलं, विमानात डिझेलचं इंजिन आहे. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या भाच्याकडे, हा ठीक आहे ना अशा नजरेने.

“डिझल टाकतेत विमानात?”

डिझेल नव्हे, मी म्हटलं, मोठ्या जेट विमानांचं जे इंधन असतं, तेच. ते मुळात चांगलं गाळलेलं केरोसीन.

“मंग रॉकेल म्हणा ना भाऊ. आम्ही का थे नाई चालवलं?”

चालवलं होतंच. रेशनच्या रॉकेलवर ओलीत केलेलं सगळ्या गावाला ठाऊक आहे. इंजिन धूर करतं, ठोके देतं, पण फिरतं. कारण डिझेलच्या इंजिनात ठिणगी लागत नाही. पिस्टन हवा इतकी दाबतो की ती तापते, त्या तापलेल्या हवेत नोझल इंधनाचा फवारा मारतं आणि ते आपसूक पेटतं. फरक एवढाच की विमानाच्या इंजिनाला या इंधनासाठी मुद्दाम घडवलं आहे, आमच्या इंजिनांवर जुलूम होता.

आणि हा खटाटोप कशासाठी, तर इंधनासाठीच. शिकाऊ वैमानिकांची जुनी विमानं, सेस्ना वगैरे, पेट्रोलच्या एका खास जातीवर चालतात. ती जात शिसं घातलेली, महाग आणि दुर्मीळ. भारतात ती तयारच होत नव्हती, सगळी आयात. इंडियन ऑइलने वडोदऱ्याच्या कारखान्यात ती बनवायला सुरुवात केली ती २०२२ मध्ये. जेटचं इंधन मात्र जिथे प्रवासी विमान उतरतं तिथे सहसा मिळतं. बेलोऱ्याला एटीआर येतं, म्हणजे टँकरही येऊ शकतो, म्हणजे आर्चरची सोय होते.

जुन्या शिकाऊ विमानात वैमानिकाच्या हाताशी हवा-इंधनाचं प्रमाण जमवायचा वेगळा दांडा असतो, कार्बुरेटरमध्ये बर्फ धरू नये म्हणून गरम हवेचा खटका असतो, ठिणगीच्या दोन मॅग्नेटोंची चावी असते. आर्चर डीएक्समध्ये शक्तीचा एकच दांडा. पुढे ढकला, मागे ओढा. बाकीचं संगणक बघतो: किती फवारा, केव्हा, पंख्याच्या पात्यांचा कोन किती. इंजिन मिनिटाला साधारण ३,९०० फेरे घेतं आणि पंख्याला एवढा वेग सोसत नाही, म्हणून मध्ये गिअरबॉक्स आहे, जो तो २,३०० वर आणतो. काकांचं काळं इंजिन साडेसहाशे फेऱ्यांचं. एकोणचाळीसशे ऐकून त्यांनी जीभ चावली.

“अन् बॅटरी बसली त?”

हा प्रश्न त्यांनी सहज विचारला. त्यांचं इंजिन हँडल मारून चालू होतं. एकदा लागलं की त्याला विजेची गरज नाही, डिझेल संपेपर्यंत ते ऐकत नाही. जुन्या पेट्रोलच्या विमानांचंही तसंच, मॅग्नेटो स्वतःची वीज स्वतः करतो. पण ज्या इंजिनाचा कारभारच संगणकाकडे, त्याचं काय? मी दोन दिवस जे वाचत होतो त्यातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच होता आणि तो मला वाचल्याशिवाय सुचला नव्हता.

४ मार्च २००७ रोजी जर्मनीत स्पायर इथे एक डीए-४२ उडालं. तेव्हा त्यात याच वंशातली आधीची, थीलर्ट कंपनीची इंजिनं होती. विमानाची बॅटरी उतरलेली होती, इंजिनं बाहेरच्या विजेवर चालू केली होती. विमान जमीन सोडून वर गेलं, वैमानिकाने चाकं आत घ्यायचा खटका दाबला. चाकं उचलणाऱ्या मोटारीने एकदम वीज ओढली, दाब क्षणभर पडला आणि दोन्ही इंजिनांचे संगणक एकाच वेळी गडबडले. दोन्ही पंखे थांबले. दोन इंजिनं असतात ती एक बंद पडलं तर दुसरं असावं म्हणून, आणि इथे दोघांची दोरी एकाच खुंटीला होती. त्यानंतर संगणकांना वेगळी राखीव बॅटरी मिळाली. आजच्या इंजिनात संगणकाच्या दोन स्वतंत्र वाहिन्या असतात आणि उडण्याआधी वैमानिक बटण दाबून दोन्हींची परीक्षा घेतो.

काका ऐकत होते. “हांऽऽ,” एवढंच म्हणाले, एखाद्या दूरच्या नातेवाइकाचं आजारपण कळावं तसे. मग पुढचा प्रश्न, जो मी टाळत होतो.

“खोलता येते का?”

येत नाही, म्हणजे आमच्या अर्थाने नाही. पेट्रोलचं जुनं विमान-इंजिन ठरावीक तासांनी उतरवतात, खोलतात, झिजलेलं बदलतात, पुन्हा बसवतात. आर्चरमधलं इंजिन २,१०० तास झाले की पुरतं बदलायचं असतं. कंपनीकडून नवं येतं. थीलर्टच्या काळात तर गिअरबॉक्सही दर ३०० तासांनी तपासणीला उतरवावा लागे. २००८ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीत गेली तेव्हा जगभरच्या उड्डाणशाळांचा जीव टांगणीला लागला, कारण सुटे भाग दुसरीकडे कुठे मिळणार? २०१३ मध्ये कॉन्टिनेन्टल मोटर्सने धंदा विकत घेतला आणि तासांची मुदत वाढत गेली. पण तत्त्व तेच राहिलं. दुरुस्त करू नका, बदला.

मला हे इंजिन आवडलं आहे, हे कबूल करतो. ज्या पोराने बापाला हँडल मारताना पाहिलंय, त्याला या विमानाचं पोट ओळखीचं वाटेल असं मला वाटत होतं. आणि इथे कळत होतं की ओळखीचं आहे, पण हात लावू देणार नाही.

काकांची नात चहा घेऊन आली. अकरावीची परीक्षा नुकतीच दिलेली, धामणगावच्या कॉलेजात विज्ञान शाखेला. बेलोऱ्याची जाहिरात तिने मोबाइलवर पाहिली होती. “काका, पायलटला किती खर्च लागते?” मला विचारलं. मी सांगितलं: व्यावसायिक परवान्यासाठी किमान २०० तास उड्डाण, पैकी १०० तास विमानाची सूत्रं एकटीच्या हाती, ३०० सागरी मैलांचा एक लांबचा प्रवास, रात्रीचे तास, पाच-सहा लेखी परीक्षा, पहिल्या श्रेणीची वैद्यकीय तपासणी आणि चाळीस-पन्नास लाख किंवा त्याहून जास्त. आकडा ऐकून ती हसली. आमच्याकडे कापसाचा भाव पडल्यावर माणसं हसतात, तसं.

मग मी माझ्या मनातलं सांगितलं. शाळेला विमानं लागतात तशी ती सांभाळणारी माणसंही लागतात. परवानाधारक देखभाल अभियंता हा दुसरा रस्ता. त्याचीही यादी आहे: जेट विमानांचा परवाना वेगळा, पिस्टन इंजिनांच्या विमानांचा वेगळा, त्याला बी-१.२ म्हणतात. सगळी मुलं पहिल्याच्या मागे असतात, कारण मोठ्या कंपन्यांची नोकरी तिकडे. बेलोऱ्याच्या आर्चरना दुसरा लागेल. खर्च पायलटच्या मानाने बराच कमी, नागपूर जवळ, आणि...

“गणित पाह्यजे का?” तिने मध्येच विचारलं.

पाहिजे. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित, दोन्हीकडे.

तिने गणित सोडलं होतं. नीटची तयारी करायची म्हणून जीवशास्त्र घेतलं, वर्गातल्या निम्म्या मुलींनी घेतलं, कॉलेजात तसंच सुचवलं गेलं. अकरावीला प्रवेश घेताना कुणी सांगितलं नाही की या एका खुणेने कुठले दरवाजे बंद होतात. मुक्त विद्यालयातून गणिताचा पेपर नंतरही देता येतो, हे मी सांगितलं. ती “हो का” म्हणाली, ज्या “हो का”चा अर्थ कुणालाच माहीत नसतो. शिवाय सगळ्या परीक्षा इंग्रजीत. रेडिओवरचं बोलणंही इंग्रजीत, आणि वैमानिकाला त्याची वेगळी पातळी सिद्ध करावी लागते. देखभालीची जाडजूड पुस्तकं तर इंग्रजीशिवाय उघडतच नाहीत. वऱ्हाडात हात शिकतात मराठीत. पाना, लाइनर, रिंग हे शब्द कुठले का असेनात, वाक्य मराठी असतं.

आणि धोका आहेच. १८ मार्च २०२३ ला बिरसीहून उडालेलं एक शिकाऊ विमान बालाघाटच्या जंगलात कोसळलं. प्रशिक्षक आणि शिकणारी मुलगी, दोघेही गेले. नातीसमोर मी हे बोललो नाही. तिला ते आधीच माहीत असावं, कारण जाहिरातीखालच्या व्हिडिओत पुढचा तोच येतो.

काकांना मात्र वेगळीच काळजी होती, उन्हाची. “पंचेचाळीसमधे पाणी गरम नाई होत का थ्याचं?” इंजिन पाण्याने थंड होतं हे मी सांगितलेलं त्यांनी धरून ठेवलं होतं. पंपाच्या इंजिनाला विहिरीचं ताजं पाणी फिरवता येतं, विमानाला रेडिएटरवर भागवावं लागतं. पण उन्हाचा घात तिथे थांबत नाही. समुद्रसपाटीपासून जेमतेम साडेतीनशे मीटरवरचं बेलोरा पंचेचाळीस अंशांत विमानाला दीड हजार मीटर उंचीसारखं लागतं, कारण तापलेली हवा विरळ असते. टर्बोचार्जर असल्याने इंजिन आपली ताकद बरीचशी टिकवतं, पंखांना मात्र टर्बोचार्जर नसतो. म्हणून मे महिन्यात शिकणं पहाटे आणि सांजेला. दुपारी हँगर.

“म्हंजे दुपारी काम आमचं,” काका म्हणाले.

‘आमचं’ हा शब्द त्यांच्या तोंडून सहज गेला आणि कुणी त्याची दखल घेतली नाही. त्यांनी विचारलं, तेल कितीवर बदलतात? मी सांगितलं, दर शंभर तासांनी विमान तपासणीला आत येतं, तेव्हा तेल आणि फिल्टर. त्यांनी खडू घेतला. टिनाच्या दारावर आधीच कुणाच्या तरी पंपाचा हिशेब होता, त्याखाली त्यांनी १८० लिहिलं, पुढे २०० लिहिलं आणि थांबले. शून्यांत त्यांचा घोळ झाला.

“छत्तीस हजार,” नात कपबशा उचलता उचलता म्हणाली. “भागिले शंभर. तीनशे साठ.”

“तीनशे साठ वर्साचे?”

“हो आबा. म्हणजे जवळपास रोज एक.”

काकांनी ३६० च्या खाली रेघ ओढली, खडू खिशात टाकला आणि बाहेर उभ्या असलेल्या माणसाचा फवारणीचा पंप आत घ्यायला उठले.