वृद्धसेवा : माया हवी, पण वहीही हवी

दसरा-दिवाळीच्या सुमारास अहमदपूर तालुक्यातील अनेक वस्त्यांत तरुण माणसे दिसेनाशी होतात. कोणी ऊसतोडीला जाते, कोणी पुण्याला, कोणी हैदराबादला. घरी राहतात म्हातारे आई-वडील. शेजारपाजारचे भाकरी देतात, विचारपूस करतात. पण कोणाची बीपीची गोळी संपली, कोण दोन दिवस अंथरुणातून उठले नाही, हे लक्षात ठेवणे कोणाचेच ठरलेले काम नसते.

आम्ही वृद्धांसाठी काम सुरू केले तेव्हा आधी घरोघरी डबे पोहोचवले. महिनाभरात चूक कळली. डब्यापेक्षा आंघोळीला, संडासला जायला आधार हवा असलेले लोक जास्त होते. आम्ही ते विचारलेच नव्हते.

विनयपिटकाच्या महावग्गात तथागतांनी एका आजारी, दुर्लक्षित भिक्खूची स्वतः शुश्रूषा केल्याचा प्रसंग आहे. तिथेच चांगल्या शुश्रूषकाचे पाच गुण सांगितले आहेत : औषध तयार करता येणे, पथ्य-अपथ्य कळणे, लाभासाठी नव्हे तर मैत्रीभावाने सेवा करणे, मलमूत्राची किळस न करणे आणि धम्माचे चार शब्द सांगून धीर देणे. या यादीत मैत्री तिसरी येते. आधी येते ते कौशल्य. आणि कौशल्य शिकता येते.

पहिली पायरी यादीची. साठीच्या पुढच्या प्रत्येकाला सहा गोष्टी विचाराव्यात : आंघोळ, कपडे घालणे, संडासला जाणे, अंथरुणातून उठणे-बसणे, लघवी-शौचावर ताबा आणि आपल्या हाताने जेवणे. अमेरिकन डॉक्टर सिडनी कॅट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये मांडलेली ही कसोटी आजही वापरात आहे. त्यावरून आम्ही तीन गट करतो. सगळे जमत असेल तर आठवड्याला एक भेट. एक-दोन गोष्टी अडत असतील तर रोज ठरलेल्या वेळी मदत. बहुतेक अडत असतील तर घरात सतत कोणीतरी.

दुसरी पायरी वहीची. औषधाचे नाव, वेळ, दिल्याची सही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर माकडहाडावर, टाचांवर जखमा होतात. कूस कधी बदलली हे लिहिले नाही, तर प्रत्येकाला वाटते दुसऱ्याने बदलली असेल. पैशांचा हिशेबही याच वहीत ठेवावा.

तिसरी पायरी पाळीची. हे काम बहुधा एकट्या सुनेवर किंवा लेकीवर पडते. थकलेला हात चिडतो. तिला आठवड्यातून निदान अर्धा दिवस मोकळा मिळेल, अशी पाळी शेजाऱ्यांनी लावावी.

चौथी पायरी हक्कांची. ६५ वर्षांवरील निराधारांसाठी श्रावणबाळ योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात करता येतो. ७० वर्षांवरील सर्वांना, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान कार्डावर कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत रुग्णालयातील उपचार मिळतात. मुले सांभाळत नसतील तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानुसार उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे निर्वाह भत्ता मागता येतो. सांभाळण्याच्या अटीवर लिहून दिलेली मालमत्ता, अट मोडल्यास रद्द करून घेता येते. काही अडले तर १४५६७ हा मोफत क्रमांक आहे.

पण कागद करण्याआधी त्या आजी-आजोबांना विचारा. अनेक जण मुलाविरुद्ध अर्ज नको म्हणतात. अशा वेळी मुलाशी बोलून दरमहा किती पाठवणार हे ठरवून घेतले, तरी घर सावरते. निर्णय त्यांचाच राहू द्यावा.

या सगळ्याला मोठी इमारत लागत नाही. येत्या पौर्णिमेला वंदना झाल्यावर विहारात अर्धा तास बसा आणि आपल्या वस्तीतील वृद्धांची नावे लिहून काढा. प्रत्येक नावापुढे एका माणसाचे नाव लिहा. ज्या नावापुढची जागा रिकामी राहील, त्या घरी दुसऱ्या दिवशी सकाळीच जा.